पेरूच्या ओळीतल्या माहेरवाशिणी

पहाटे उठणं निवेदिताच्या अंगात आता जुन्या दुखण्यासारखं मुरलं होतं. गजर लावावा लागत नसे. उजाडायच्या जरा आधी डोळे आपणहून उघडत, आणि उघडले की पहिली इच्छा होई ती पुन्हा मिटण्याची. मग ती उठे, शाल गुंडाळी, पडवीत टेकवलेली बांबूची काठी उचली आणि पेरूच्या ओळीत शिरे.

ती ओळ घरापासून विहिरीपर्यंत जात होती. दोन्ही बाजूंना पेरू, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मधून पायवाट. आणि भादव्यापासून थंडी पडेपर्यंत त्या पायवाटेवर, या झाडापासून त्या झाडापर्यंत, कोळ्यांची जाळी. घरातल्या कोपऱ्यातली जळमटं नव्हेत. एकेक जाळं सुपाएवढं, कधी त्याहून मोठं, सोनसळी धाग्याचं. मधोमध तळहात व्यापेल अशी लांब पायांची काळी-पिवळी कोळीण, डोकं खाली करून, निवांत.

काठीच्या टोकाला ओलं फडकं बांधलेलं असे. निवेदिता ते जाळ्यात घाली आणि हळूहळू फिरवी, जत्रेत बुढ्ढी के बाल गुंडाळतात तसं. धागा इतका चिवट की तुटताना बारीक आवाज येई. कोळीण सरसर वर पळून पानाआड बसे. तिला इजा करायची नाही, एवढं पथ्य निवेदितानं पाळलं होतं. मग पुढचं झाड, मग त्याच्या पुढचं. ओळ मोकळी झाली की ती परत येऊन चहा टाकी, आणि तोवर अण्णा उठलेले असत.

दुसऱ्या पहाटे जाळी पुन्हा असत. कुठे अर्धी, कुठे पुरी. काठी हातात घेऊन ती पहिल्या जाळ्यासमोर उभी राही. "तू थकत नाहीस का ग बाई," असं एकदा तिच्या तोंडून निघूनही गेलं होतं. कोळिणीनं एक पाय उचलला आणि परत ठेवला.

अण्णा म्हणजे श्रीकृष्णराव, तिचे वडील. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली, संसार शहरात, छत्रीबागेतल्या घरात झाला, आणि रिटायर झाल्यावर शहराबाहेर, बेटमा गावाच्या अलीकडे ही जमीन घेऊन ते बायकोला घेऊन इकडे आले. छत्रीबागेचं घर धाकटा भाऊ संजीव आणि त्याची बायको वल्लरी यांच्याकडे राहिलं. मग आई गेली. मग काचबिंदूनं अण्णांची नजर गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळे. निवेदिता तेव्हा शहरातच, भंवरकुआंला मुलींच्या एका होस्टेलात वॉर्डन होती. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. तिला कोणी ये म्हणालं नाही, येऊ नको असंही म्हणालं नाही. ती आली.

अण्णांकडे एकच काम उरलं होतं. सकाळी लाइट आली की विहिरीवरची मोटर चालू करायची. ते काम ते कोणाला देत नसत. निवेदितानं झाडाझाडाला निळी नायलॉनची दोरी बांधून दिली होती. ती हातात धरून ते ओळीतून जात, मोटर चालू करत, विहिरीच्या कट्ट्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकत, आणि दोरी धरून परत येत. दिवसभरात तेवढाच त्यांचा प्रवास. पण परत येताना त्यांचा चेहरा कुठून तरी काही पोचवून आल्यासारखा असे.

जाळी काढायची हे निवेदितानं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. त्या भादव्यात एका सकाळी अण्णा सरळ जाळ्यात गेले. डोळ्यांवर, तोंडावर धागे, कपाळावर चालणारे पाय. ते दोन्ही हात झटकत मागे सरले आणि पाटाच्या दगडावर पडले. भुवईवर टाके घालावे लागले. दुसऱ्या पहाटेपासून ती काठी घेऊन उठू लागली.

हे तिनं अण्णांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते, कारण आईचा नियम होता.

आई त्यांना कोळी म्हणत नसे. कांतीण म्हणे, आणि माहेरवाशीण म्हणे. गौरी तीन दिवसांत जातात, या थंडीपर्यंत राहतात, एवढाच तिच्या लेखी फरक. गौरी उठल्या की ओळीतल्या पहिल्या पेरूच्या खोडाला ती हळद-कुंकू लावी, आणि तिथून पुढे ओळीतून जाणाऱ्यानं वाकून जायचं. पेरूची टोपली डोक्यावर घ्यायची नाही, कमरेवर घ्यायची. पाहुणा असो, पंप दुरुस्त करणारा असो, सगळे वाकून. माहेरवाशिणीचं घर मोडू नये. पेरू तोडता तोडता ती आपलं आपण म्हणे,

*पेरूच्या गं बनामंदी कांतीण आली माहेरा,*
*वाकून जाय माझ्या बंधवा, तिचा हवेत पसारा.*

*थंडीचं गं बोलावणं, मग जाईल सासरी,*
*तोवर राहू दे रे तिची सोनियाची दोरी.*

"हिचं सासर कुठं ग?" निवेदितानं एकदा सुट्टीत आली असताना विचारलं होतं.

"बेटम्याच्या पुढं. धारच्या रस्त्याला," आई म्हणाली होती, आणि टोपली कमरेवर घेऊन वाकून निघून गेली होती. थंडीत त्या मरतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. मोकळ्या जाळ्याखाली मूठभर तांदूळ ठेवून ती त्याला शिदोरी म्हणे.

आणि त्याच आईच्या लेकीनं, माहेरी येऊन राहिलेल्या लेकीनं, रोज पहाटे सगळ्यांची घरं गुंडाळून काठीवर घ्यायची.

पडल्यापासून अण्णा वाकले होते. पहिल्या वर्षी तिला वाटलं, मार लागलाय. ओळीतून ते कंबरेत असे मोडून चालत की दोरी त्यांच्या खांद्याच्या वर जाई. घरी आल्यावरही तास-तास पाठ सरळ होत नसे. खुर्चीत बसत तेही पुढे झुकून. म्हाताऱ्या माणसाला, तुम्ही वाकून का चालता, असं कोणी विचारत नाही. तिनं बेटम्याहून तेल आणलं आणि रोज संध्याकाळी कंबरेला चोळलं. थंडी पडली तसे ते सरळ होत गेले. तेलाचा गुण आला, असं तिनं संजीवला फोनवर सांगितलं.

पुढच्या वर्षीही तसंच झालं. यंदा तिसरा भादवा आला आणि ते पुन्हा वाकले. तेल तेच, हात तोच. गुण येईना.

दसऱ्यानंतर एका दुपारी तिनं स्वतःच संजीवला फोन लावला.

"संजू, यांना घेऊन जा."

"क्या हुआ ताई? पडले का?"

"पडले नाहीत. पडतील. कंबर पार वाकलीय. मला आता होत नाही रे."

"मी तो कधीचा बोलतोय. वल्लरी पण बोलते की कमरा रिकामा आहे, डॉक्टर बाजूलाच आहे. संडेला येतो. सामान रेडी ठेव."

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती जांभई.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतच होते. त्यांनी हातानं चहाचा कप चाचपला. "बरं," म्हणाले. मग कप खाली ठेवून, "या माहेरवाशिणी जाईपर्यंत थांबलो तर? थंडी काही लांब नाही."

निवेदितानं ऐकू न आल्यासारखं केलं आणि कप उचलून आत नेला.

शनिवारी तिनं त्यांची बॅग भरली. स्वेटर, औषधं, आईचा एक फोटो. तो त्यांना दिसणार नव्हता तरी. अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा मनात एवढंच आलं की उद्याची एक पहाट, मग नाही. आणि तेवढ्यानं शरीर असं सैल पडलं की पहाट कधी येऊन गेली ते तिला कळलंच नाही.

जाग आली ती मोटरच्या आवाजानं. खिडकीत ऊन होतं. अण्णांचा पलंग रिकामा. पडवीत काठी होती तशीच टेकलेली.

ती अनवाणी धावली, आणि ओळीच्या तोंडाशी येऊन थांबली.

सगळी जाळी होती. झाडागणिक, दवानं जड झालेली, उन्हात पेटल्यासारखी. एकीच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, मधोमध एकेक काळी-पिवळी बाई. खाली गवतातल्या दवावर अण्णांच्या चपलांची वाट विहिरीपर्यंत गेलेली. माणूस ओळीतून गेला होता आणि जाळी जागेवर होती.

आधी तिला काही कळलं नाही. मग ती खाली वाकली, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. कंबरेत मोडून, डोकं छातीशी घेऊन ती पहिल्या जाळ्याखालून गेली. दुसऱ्याखालून गेली. निळी दोरी तिच्या खांद्याच्या वर आली. हे चालणं ती ओळखत होती. दोन वर्षं ती त्याला तेल चोळत होती.

विहिरीजवळचं एक जाळं मात्र फाटलं होतं. अर्धा पडदा एका फांदीवरून लोंबत होता आणि उरलेल्या अर्ध्यात कोळीण अंग आवळून बसली होती.

अण्णा कट्ट्यावर बसले होते. पांढऱ्या केसांत सोन्याचा एक धागा चमकत होता.

"निवू?" पावलांवरून त्यांनी ओळखलं. "आज एक मोडलं ग माझ्याकडून."

तिनं पुढे होऊन त्यांच्या केसांतला तो धागा काढला.

"पडलो ना त्या वर्षी, तेव्हापासून वाकून जातोय. तुझ्या आईनं सांगितलंच होतं, मीच डोळे गेल्यावर विसरलो. मग मात्र धडा घेतला. दोन वर्षांत एक धागा लागू दिला नाही अंगाला. एक नाही." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "मला वाटायचं, डोळे गेले तरी एवढं तरी जमतंय. आज वाटेत धागे केसांना लागत होते, आणि शेवटी कपाळानंच एक फाडलं. अंदाज गेला आता. तू म्हणतेस ते बरोबर आहे. संजूबरोबर जातो मी."

मोटर चालू होती. पाणी पाटात पडत होतं. निवेदिता त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली.

तिला हवं होतं ते तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं. अण्णा स्वतः जायला तयार होते. कोणी तिला बोल लावणार नव्हतं, तीसुद्धा स्वतःला लावून घेणार नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला तर ताकद लागत नाही. उद्या सकाळी आजच्यासारखीच झोप, परवाही. तिनं डोळे मिटून पाहिले. मिटल्या डोळ्यांपुढे छत्रीबागेतली खोली आली. तिथे अण्णा खुर्चीत बसले होते आणि आपला अंदाज गेला असं समजून हळूहळू उठणंच सोडून देत होते.

ओळीच्या पलीकडच्या टोकाला गाडी थांबली. दार वाजलं.

"ताई," संजीवची हाक आली. मग जरा वेगळ्या आवाजात, "अरे बाप रे. ताई, ये क्या है यार? किती मोठी मकडी आहे ही."

"ये इकडे," अण्णा म्हणाले.

"नाही येत. मी इथंच ठीक आहे. तुम्ही लोग या ना."

"अजून घाबरतो," अण्णा पुटपुटले. "लहानपणी माझ्या ऑफिसात पाल बघून पार्सलच्या पेटीत बसला होता."

निवेदितानं त्यांचा हात धरला. "उठा अण्णा. दोरी राहू दे. माझ्याबरोबर चला."

फाटलेल्या जाळ्यापाशी ती थांबली. त्यांचं बोट धरून तिनं ते उरलेल्या अर्ध्याच्या कडेला टेकवलं. धागा तारेसारखा ताणलेला होता.

"हे तुम्ही मोडलेलं. अर्धं आहे अजून."

"हं."

वाकून ती पुढच्या झाडाशी गेली, त्यांना वाकवून नेलं. पुन्हा बोट टेकवलं. "हे पूर्ण आहे. याच्याखालून गेलात." पुढचं झाड. "हेही. हात हळू ठेवा, बाई बसलीय." अण्णांच्या बोटाला धागा कापल्यासारखा जाणवला. ते तिथेच थांबले.

"सगळी आहेत?"

"सगळी."

"रोज असतात?"

"रोज असतात."

अण्णा उभे राहिले. जाळ्याखाली वाकून उभं राहणं कठीण होतं, पण ते तसेच उभे राहिले. पार्सल ऑफिसात, हरवलेलं गाठोडं कुठल्या स्टेशनावर उतरलं असेल याचा विचार करताना ते असेच मान एका बाजूला घेत.

"आज एवढं वाकलो तरी केसांना धागे लागले," ते हळूच म्हणाले. "रोज असते तर दोन वर्षांत एखादा तरी लागला असता."

निवेदितानं पायाखालच्या गवताकडे पाहिलं.

"तू काढत होतीस."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून. पहाटे."

"तरीच. कडी वाजायची. मला वाटायचं, तुला झोप येत नाही." मग त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. तिला आधी वाटलं, त्यांना दम लागलाय. ते हसत होते. "म्हणजे निवू, दोन वर्षं मी वाऱ्याला मुजरे करत होतो."

"आणि मी तुमचा कणा गेला म्हणून तेल चोळत होते."

"कणा ठीक आहे. कंबर दुखते. वाकून वाकून दुखणारच."

"मग बोलला का नाहीत? तेल लावून घेत होतात ते?"

"तू लावायचीस. बरं वाटायचं."

ती खाली बसली. तिथेच, ओल्या गवतात, जाळ्याखाली. हसू आलं नाही तिला. दोन वर्षांच्या पहाटा तिच्या मांडीवर येऊन पडल्यासारख्या झाल्या आणि त्या कोणाला परत मागायच्या ते तिला कळेना. फडक्यावर गुंडाळून फेकलेलं ते सगळं सोनं. रात्रभर ज्यांनी विणलं त्या, आणि पहाटे उठून जिनं मोडलं ती. तिच्या डोक्यावर कोळीण एका पायानं धागा ओढून बघत होती.

"तुझी आई असती तर," अण्णा म्हणाले.

"झाडूनं मारलं असतं मला."

"मलाही. तुला पहाटे उठू दिलं म्हणून."

ती उठली. उठायला हात अण्णांनी दिला. तिनं तो धरला.

ओळीच्या तोंडाशी संजीव उभा होता, चाव्या हातात, पोट बऱ्यापैकी सुटलेलं, डोळे वरच्या फांद्यांवर. "हसत काय होते तुम्ही लोग? मी इथं खडा आहे."

"संजू, ते येत नाहीत," निवेदिता म्हणाली.

"मतलब?"

तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, थोडक्यात, कारण जास्त बोलायची शक्ती नव्हती. संजीवनं बहिणीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"तू काठी घेऊन पुढे, हे वाकून मागे. आणि दोघं एका घरात." त्यानं चाव्या खिशात टाकल्या. "तुम्हा दोघांना ना, एक इंटरकॉम लावून देतो. मी वल्लरीला काय सांगू? तिनं परदे पण बदलले त्या कमऱ्याचे."

"थंडीत ये," अण्णा म्हणाले. "या गेल्या की मी तुला सरळ चालून दाखवतो. नाही चाललो तर उचलून ने."

"आणि ताईचं? तीच बोलली ना, होत नाही म्हणून."

अण्णांनी मान निवेदिताच्या दिशेला वळवली. हा प्रश्न खरा होता आणि जाळ्यांच्या गोष्टीनं तो पुरता सुटला नव्हता. स्वयंपाक होता, औषधं होती, पेरूची तोडणी होती.

"पहाटेचं गेलं," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं बघू. आत्ता मला झोपायचंय."

"चहा?" संजीव म्हणाला.

"तू कर. पत्ती वरच्या डब्यात आहे. आणि त्याआधी मोटर बंद करून ये. पाट भरला असेल."

"मोटर म्हणजे त्या तिकडे?" संजीवनं ओळीकडे पाहिलं. "ना बाबा, मी नाही जाणार."

"मी नेतो," अण्णा म्हणाले. "तू पुढे हो. मी मागून सांगतो."

निवेदिता पडवीत गेली. काठीचं फडकं सोडून तिनं ते वाळत टाकलं आणि काठी आडवी करून भिंतीशी ठेवली, पेरू तोडायला उपयोगी पडेल अशी. मग खाटेवर आडवी झाली. ऊन पायांवर आलं होतं. डोळे मिटायला लागले तसे ओळीतले आवाज जवळ आले.

"वाक. अजून वाक रे. तुझी उंची माझ्यावर गेलीय."

"वाकलोय ना अण्णा. किती वाकू?"

"दोरी खांद्याच्या वर गेली का?"

"गेली."

"मग बरोबर आहे. आता तिसऱ्या झाडाला डावीकडून. तिथली मोठी आहे."

पाटात पाणी पडत होतं, गवतात चार पावलं वाजली.

"लागलं का काही?"

"नाही लागलं."

"मग चल पुढे."